सही करण्याआधी विचारा: कागद कसला, आणि ऑफिस कुठलं?

रानातून आला असाल, जेवणं उरकली असतील, आता घटकाभर बसला असाल. आज आपण आपल्या घराबद्दल बोलू. ज्या घराची जमीन आपण सारवतो, ज्याचे पत्रे बदलायला आपण गटातून कर्ज काढतो आणि ज्याचे हप्तेही आपणच फेडतो, ते घर कागदावर कोणाचं आहे?

काही दिवसांपूर्वी एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचतीचे पैसे मोजून झाले, तेव्हा एक ताई हळूच म्हणाल्या, "मला एक विचारायचंय." त्यांचे मालक चार महिन्यांपूर्वी वारले. घरात त्या, एक मुलगा, एक मुलगी आणि सासू. शेजारच्या खणात दीर आणि त्यांचं कुटुंब. दीर म्हणाले होते, "वहिनी, दादाचे वारस लावायचेत. सोमवारी तालुक्याला चला. फोटो काढतील, अंगठा घेतील, अर्ध्या दिवसाचं काम आहे. ताईसाहेबपण येणार आहेत." ताईसाहेब म्हणजे नणंद.

ताईंना लिहिता-वाचता फारसं येत नाही. पण मुलगी दहावीत आहे. काकांनी घरी ठेवलेल्या कागदाचा मथळा तिने वाचला आणि आईला विचारलं, "आई, हक्कसोड म्हणजे काय गं?"

बैठकीत एकदम शांतता झाली. मग एक आजी म्हणाल्या, "बाई, तो वारसाचा कागद नव्हं. तो घर सोडल्याचा कागद."

दीर वाईट माणूस नाही. पावसाळ्यात गळणारं जुनं घर पाडून त्याला स्लॅबचं बांधायचं होतं. कर्जासाठी घर एकाच्या नावावर असलं म्हणजे बरं पडतं, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. पण हेतू चांगला असो की वाईट, कागद आपलं काम करतोच. म्हणून आजची पहिली गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा.

ऑफिसवरून कागद ओळखा

वारस नोंद करायची असेल तर काम असतं तलाठ्याकडे, म्हणजे ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे. घराच्या कराच्या नोंदीसाठी ग्रामपंचायतीत जायचं. मिळकत पत्रिका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात. तिथे अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती आणि प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं.

पण जर तुम्हाला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, म्हणजे आपण ज्याला रजिस्टर ऑफिस म्हणतो तिथे नेत असतील, संगणकासमोर बसवून फोटो काढणार असतील, अंगठ्याचा ठसा यंत्रावर घेणार असतील, दोन ओळखीचे साक्षीदार उभे करणार असतील, तर ती साधी वारस नोंद नाही. तिथे दस्त नोंदवतात: खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, गहाणखत. म्हणजे तुमच्याकडून काहीतरी जातं आहे किंवा तुमच्याकडे काहीतरी येतं आहे. तिथे जायच्या आधी दोनच प्रश्न विचारा. हा कागद कसला? आणि सही केल्यावर माझं काय जाणार?

वाचता येत नाही म्हणून लाजू नका. कागदाची एक प्रत आधी घरी मागा. "दोन दिवस ठेवते, गटात वाचून घेते," म्हणा. प्रत द्यायला जो तयार नसेल, त्याच्या घाईचं कारण विचारायला हवं.

गावातल्या घराचे तीन कागद

आता घराचे कागद कुठले ते पाहू. इथे पुष्कळ गोंधळ असतो.

पहिला कागद ग्रामपंचायतीचा नमुना ८. ही घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही. त्यात घर क्रमांक, घर मातीचं की सिमेंटचं, किती लांब-रुंद, कर किती, हे असतं. मालकाच्या नावाचा एक रकाना असतो आणि भोगवटा करणाऱ्याचा, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्याचा, दुसरा. तुमचं नाव असेल तर ते कोणत्या रकान्यात आहे ते बघा. तलाठ्याकडे मिळतो तो '८ अ' वेगळा. तो शेतजमिनीच्या खात्याचा उतारा. आठाचा आकडा सारखा म्हणून दोन्ही एकच समजू नका.

नमुना ८ आणि घरपट्टीची पावती उपयोगाची आहे, जपून ठेवा. पण ती मालकीचा पक्का पुरावा नाही. कोर्टांनी हे वारंवार सांगितलं आहे. कर भरल्याने कोणी मालक होत नाही. गायरानावर बांधलेल्या घरालाही घरपट्टी लागू शकते, पण जमीन सरकारचीच राहते. म्हणून "पावती माझ्या नावावर आहे" एवढ्यावर निर्धास्त राहू नका, आणि "पावतीवर तुझं नाव नाही म्हणजे तुझा हक्क नाही" असं कोणी म्हणालं तर घाबरूही नका.

दुसरा कागद मिळकत पत्रिका. पूर्वी बऱ्याच गावठाणांची मोजणीच झालेली नव्हती. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजून पाहिलं गेलं. पुढे २४ एप्रिल २०२० ला केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. ड्रोन फिरतो, नकाशा होतो, मग गावात चौकशी होते, कोणती जागा कोणाची, आणि त्यावरून मिळकत पत्रिका तयार होते. तुमच्या गावात ही चौकशी चालू असेल तर त्या दिवशी रानात जाऊ नका. अधिकारी दारात विचारतात, "घर कोणाचं?" आणि दारात उभा असलेला पुरुष जे सांगेल ते लिहिलं जाण्याचा धोका असतो. आपण तिथे हवं, आपली कागदपत्रं हवीत. चौकशी होऊन गेली असेल तर नावं बरोबर आहेत का ते तपासा, चूक असेल तर लेखी हरकत द्या.

तिसरा कागद नोंदणी झालेला दस्त. घर विकत घेतलं असेल तर खरेदीखत, बक्षीस मिळालं असेल तर बक्षीसपत्र. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मालमत्ता विकायची तर दस्ताची नोंदणी करावीच लागते. बक्षीसपत्राला तर किमतीची अटही नाही, ते नोंदवावंच लागतं. आपल्याकडे स्टॅम्पपेपरवर लिहून, नोटरीचा शिक्का मारून घर विकतात. तशा कागदाने घर तुमचं होत नाही. पैसे मात्र गेलेले असतात.

सोळा आण्यांचा हिशेब

आता त्या ताईंच्या घराचा हिशेब मांडू. घर सासऱ्यांनी स्वतः जागा घेऊन बांधलेलं. सासरे आठ वर्षांपूर्वी वारले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. मागे राहिल्या सासू, दोन मुलगे आणि एक मुलगी. आता थोरला मुलगा, म्हणजे ताईंचा नवरा, गेला.

घर सोळा आण्यांचं धरा. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे माणूस मृत्युपत्र न करता गेला तर त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा. सासरे गेले तेव्हा त्यांची आई हयात नव्हती. म्हणजे चार वारस: सासूला चार आणे, थोरल्याला चार, धाकट्याला चार, मुलीला चार.

आता थोरला गेला. त्याच्या चार आण्यांचे वारस त्याची बायको, मुलगा, मुलगी आणि आई. प्रत्येकाला एक आणा. म्हणजे ताईंचा एक आणा, त्यांच्या दोन मुलांचे दोन. सासूचे आधीचे चार आणि हा एक, मिळून पाच. दिराचे चार. नणंदेचे चार. झाले सोळा.

हिशेब मांडून झाल्यावर ताई म्हणाल्या, "म्हणजे मला एकच आणा? आणि ननंदंला चार?"

होय. ती तिच्या वडिलांची लेक आहे, म्हणून तिला चार. तुमची लेक तिच्या वडिलांची लेक आहे, म्हणून तिला भावाइतकाच एक. ज्या कायद्याने नणंदेला दिलं, त्यानेच तुमच्या पोरीला दिलं. एकीचं काढलं तर दुसरीचंही जातं. तुमचा आणि मुलांचा मिळून तीन आणे वाटा आहे, आणि तुमच्या सहीशिवाय तो कोणी घेऊ शकत नाही.

हे स्वकष्टाच्या घराचं झालं. घर वडिलोपार्जित असेल तर हिशेब थोडा वेगळा मांडतात, पण मुलगी मुलाच्या बरोबरीचीच. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना हा हक्क दिला, पण त्या आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने लग्न झालेली-न झालेली, सगळ्याच मुलींना तो मिळाला. "वडील २००५ च्या आधीच वारले, मग आता कसला हक्क?" असं बऱ्याच जणींना सांगितलं जायचं. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात हा मुद्दा निकालात काढला: हक्क जन्माने आहे, वडील त्या तारखेला हयात असायलाच हवेत असं नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणी करून किंवा कोर्टाच्या हुकुमाने वाटणी झालेली असेल तर ती मोडता येत नाही.

आणखी एक जुनी अट होती. पूर्वी राहत्या घराची वाटणी मुलीला मागताच येत नव्हती. भावांनी आपसांत वाटून घेतलं तरच तिला वाटा. ती अटही २००५ मध्ये गेली.

हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू आहे. मुस्लिम कुटुंबात मुलंबाळं असतील तर विधवेला आठवा हिस्सा, नसतील तर चौथा, आणि मुलीला मुलाच्या निम्मा. ख्रिस्ती कुटुंबात मुलं असतील तर विधवेला एक तृतीयांश, बाकीचं मुला-मुलींना सारखं. अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा आपोआप लागू होत नाही, म्हणून आदिवासी मैत्रिणींनी आपल्या बाबतीत वकिलाचा वेगळा सल्ला घ्यावा.

हक्कसोड: साडीचोळीची किंमत

हक्कसोडपत्र म्हणजे "माझा वाटा मी अमक्याच्या नावे सोडला" असं लिहून देणं. ते बेकायदा नाही. आपल्या खुशीने, समजून-उमजून बहिणीने भावाला हक्क सोडला तर तो तिचा अधिकार आहे. पण खुशी आणि भीड यांत फरक आहे. "सही केली नाहीस तर माहेर तुटेल," या भीतीने केलेली सही खुशीची नसते.

त्या बैठकीत मी विचारलं, माहेरी हक्कसोड करून दिलेल्या किती जणी आहेत? आधी कोणी बोलेना. मग एक हात वर झाला, दुसरा झाला, आणि शेवटी त्या ताईंनीही हात वर केला. सहा वर्षांपूर्वी भावाने तालुक्याला नेलं होतं, जेवू घातलं, साडीचोळी केली. "तेव्हा काय कळलं नाही," त्या म्हणाल्या, "आज कळलं."

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा.

हक्कसोड एकदा नोंदवली की सहज परत फिरत नाही. फसवून सही घेतली असेल तर कोर्टात जावं लागतं, आणि फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. वर्षं वाया घालवू नका.

दुसरं, वाटा सोडायचाच असेल तर मोबदला मागता येतो. ठरलेली रक्कम दस्तात लिहा आणि पैसे खात्यावर घ्या. "नंतर देतो" हे दस्तात नसतं.

तिसरं, सगळं किंवा काहीच नाही असं नसतं. शेताचा वाटा सोडून घराचा ठेवता येतो. पण मग दस्तात फक्त त्याच मिळकतीचा गट नंबर हवा. "माझ्या सर्व मिळकतींमधील हक्क" असं लिहिलेलं असेल तर तिथेच थांबा.

चौथं, अज्ञान मुलांचा, म्हणजे अठरा वर्षांच्या आतल्या मुलांचा वाटा. त्यांच्या नावे आलेली स्थावर मालमत्ता विकायची किंवा सोडायची तर सहसा जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. आईच्या एका सहीने मुलांचा वाटा सोडून देण्याचा कागद कोणी पुढे केला तर वकिलाला दाखवल्याशिवाय हात लावू नका.

आणि पाचवं. नवऱ्यामागे बाईने दुसरं लग्न केलं तरी पहिल्या नवऱ्याकडून तिला वारसाने आलेला वाटा जात नाही. "ती उद्या लग्न करून जाईल" हे कारण सांगून सही मागितली जाते. त्याला कायद्यात आधार नाही.

नवरा असतानाच करायचं काम

नाव लावायची सर्वात सोपी वेळ म्हणजे दोघं सुखाने नांदत असताना. तेव्हा कोणाशी भांडावं लागत नाही.

ग्रामीण भागातली घरं नवरा-बायको दोघांच्या नावे लावावीत, असा निर्णय महाराष्ट्र सरकारने २००३ सालीच घेतला आहे. "घर दोघांचं" म्हणून मोहिमाही झाल्या. नवऱ्याच्या संमतीने ग्रामपंचायतीत अर्ज द्यायचा, पोच घ्यायची आणि काही दिवसांनी नवा उतारा काढून नाव चढलं का ते बघायचं. हे शेवटचं पाऊल विसरू नका. अर्ज दिला म्हणजे नाव लागलं असं नसतं.

शेतीसाठी लक्ष्मीमुक्ती आहे. शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या काळात ही चळवळ केली. गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. पुढे १९९२ मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला, त्याप्रमाणे नवऱ्याने अर्ज केला तर त्याच्या हयातीतच सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागू शकतं.

घरकुल मंजूर झालं असेल तर कागद नीट बघा. प्रधानमंत्री आवास योजनेत घर बाईच्या नावे किंवा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा नियम आहे. एकट्या पुरुषाच्या नावे आलं असेल तर का, ते विचारा.

मृत्युपत्र हेही एक साधं साधन आहे. नवऱ्याने आपल्या मालकीचं घर कोणाला द्यायचं ते साध्या कागदावर लिहून, दोन साक्षीदारांसमोर सही केली आणि साक्षीदारांनीही सह्या केल्या तर पुरतं. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. ज्याला घर मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. आणि बायांनो, ज्यांच्या नावावर काही आहे त्यांनीही मृत्युपत्र करावं.

माणूस गेल्यानंतर

दुःखाच्या दिवसांत कागद सुचत नाहीत, हे मला कळतं. म्हणून गटातल्या एकीने ही जबाबदारी घ्यावी. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करा आणि दाखल्याच्या चार-पाच प्रती काढून ठेवा. सुतकाच्या दिवसांत, तेराव्याच्या आत, कुठल्याही कागदावर सही करायची नाही, असा नियमच गटाने करावा. खरा कागद पंधरा दिवस थांबू शकतो.

मग वारस नोंदीचा अर्ज. जमिनीसाठी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं असतं. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, पण मधल्या काळात दुसऱ्याने अर्धवट यादी देऊन नोंद करून घेतली तर निस्तरायला त्रास होतो. प्रतिज्ञापत्रातली वारसांची यादी मोठ्याने वाचून घ्या. बायको, आई, सगळे मुलगे, सगळ्या मुली. लग्न झालेल्या मुलीचं नाव "ती सासरी आहे" म्हणून गाळू देऊ नका.

फेरफाराची नोटीस घरी येते. तिच्यावर सही म्हणजे "मला कळलं" एवढंच नसतं; हरकत असेल तर पंधरा दिवसांत लेखी द्यायची असते. चुकीची नोंद मंजूर झाली तरी साठ दिवसांत प्रांताकडे अपील करता येतं.

नोंद झाल्यावर उतारा काढून नाव कुठे लागलंय ते बघा. पुष्कळदा थोरल्या भावाचं नाव 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून वर असतं आणि आई-बहिणींची नावं खाली 'इतर हक्क' या रकान्यात ढकललेली असतात. आपलं नाव मुख्य खातेदारांच्या यादीत हवं. सातबारा सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर फुकट बघता येतो. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो. शाळेतली पोरगी मोबाइलवर दाखवेल.

घर विकत घेताना आणि विकताना

आता काही मैत्रिणी स्वतःच्या नावे घर घेऊ लागल्या आहेत, फार चांगली गोष्ट. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून राहतं घर बाईच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. दहा लाखांच्या घराला दहा हजार वाचतात. पुरुषाचं नाव बरोबर घातलं तर ही सवलत मिळत नाही.

घेताना हे पाहा. विकणाऱ्याकडे घर कसं आलं, त्याचा दस्त किंवा वारस नोंद. वडिलांचं घर असेल तर त्याच्या सगळ्या बहिणींच्या आणि आईच्या सह्या आहेत का. तिच्या भावाकडून घर घेताना आपणच त्या बहिणीला विसरलो, तर उद्या ती कोर्टातून आपल्याच दारात उभी राहील, आणि तिचं बरोबर असेल. चारही दिशांच्या सीमा, शेजाऱ्यांची नावं, वाटेचा हक्क दस्तात लिहून घ्या. घरपट्टी थकलेली नाही ना, घर बँकेत किंवा पतसंस्थेत गहाण नाही ना, ते विचारा. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्या. पैसे चेकने किंवा खात्यातून द्या. दस्त झाल्यावर सूची २ ची नक्कल घ्या आणि ग्रामपंचायतीत, भूमी अभिलेखात नाव लावून घ्या.

विकताना, नवऱ्याने सांगितलं म्हणून संमतीदार म्हणून सही करायची असेल तरी दस्त वाचा. किंमत किती लिहिली, पैसे कुठल्या खात्यात येणार, आणि राहायचं कुठे, हे ठरल्याशिवाय सही नाही.

अडलं तर

नाव नाही म्हणून कोणी घराबाहेर काढत असेल तर लक्षात ठेवा, कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ प्रमाणे ज्या घरात बाई नांदली त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, घर कोणाच्याही नावावर असो. सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घर म्हणून तो हक्क आपोआप संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. त्यासाठी संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा कोर्टात अर्ज करता येतो.

वकिलाच्या पैशांची चिंता असेल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही मदत मागता येते.

आता त्या ताईंचं काय झालं ते सांगते. त्या सोमवारी तालुक्याला गेल्या नाहीत. दिराला म्हणाल्या, "भाऊजी, आधी सगळ्यांची नावं लावू. मग घर कसं बांधायचं ते बसून ठरवू." दीर आठ दिवस बोलला नाही. सासू रागावली. मग वारस नोंदीचा अर्ज गेला, त्यात सगळ्यांची नावं गेली, नणंदेचंसुद्धा. घर अजून जुनंच आहे, बोलणी चालू आहेत. पण आता बोलणीला त्या बसतात, आणि नणंदही बसते. त्यांच्या स्वतःच्या माहेरच्या हक्कसोडीचं काय करायचं, हे मात्र त्यांनी अजून ठरवलेलं नाही. तो निर्णय त्यांचा आहे.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या घराचा नमुना ८ चा उतारा घेऊन यायचा. मधे ठेवायचा, वाचता येणारीने वाचायचा, न येणारीने ऐकायचा. कोणाचं नाव कुठल्या रकान्यात आहे, ते गटाच्या वहीत लिहायचं. कोणाचं नाही, तिच्यासाठी अर्ज कोण लिहिणार, तेही तिथेच ठरवायचं. बचतीचा हिशेब आपण पैशापैशाने ठेवतो. घराचा हिशेबही तसाच ठेवू.